जन्मस्थानाचा रकाना आणि हमीद सर

हमीद सरांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. अमरावतीच्या आमच्या शाळेत मी गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी माझ्या तासाला भूगोलाचे नकाशे लावून वर्ग अडवून ठेवला होता. मी ते उतरवले. त्यांनी ते शांतपणे गुंडाळले आणि म्हणाले, "बाई, हिमालय जरा सांभाळून, फाटला आहे." पुढे सव्वीस वर्षे आम्ही एकाच खोलीत चहा घेतला.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाबद्दल त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी एवढेच सांगते की माझी आई इस्पितळात असताना सरांनी तीन आठवडे माझा दहावीचा वर्ग सांभाळला. बीजगणित त्यांना येत नव्हते. मुले चुका दाखवीत, सर फळा पुसून पुन्हा मांडीत. परत आल्यावर मला ती प्रकरणे नव्याने शिकवावी लागली. पण चूक कबूल करायला लाज वाटू नये, हे त्या मुलांना माझ्याकडून शिकता आले नसते.

सरांचे दुसरे काम शाळेबाहेरचे. त्यांच्या थोरल्या भगिनी अख्तरआपा लग्नानंतर अमेरिकेत गेल्या. तिथल्या नागरिक झाल्यावर त्यांनी भावाला कुटुंबासह कायमचे तिकडे बोलावण्यासाठी अर्ज केला. सरांनी त्या निमित्ताने सगळे नियम वाचून काढले. कपाशीची ती वाईट वर्षे होती. ज्या घरचे कोणी परदेशी होते, त्या घरातले जुने कागद पेटीबाहेर येऊ लागले होते. अकोल्याहून, बाळापूरहून माणसे रविवारी सरांच्या ओसरीवर येऊन बसत. सर प्रत्येकाचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरून देत आणि वर बजावीत, "घाई करू नका. पाळी यायला पोरं मोठी होतील."

या रांगेवरून आमचा वाद ठरलेला. तिथला नियम असा की देश लहान असो वा मोठा, एका वर्षात प्रत्येकासाठी जागांची कमाल मर्यादा एकच. आणि माणूस कोणत्या देशाचा, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरते. मला तो नियम रास्त वाटे. सर म्हणत, "अकोल्याच्या गाडीला आणि चिखलदऱ्याच्या गाडीला सारख्याच सीटा द्या, अन् मग अकोल्याच्या फलाटावर उभ्या राहून पाहा."

मी विचारले, "मग सगळ्या जागा गर्दीवाल्यांनीच घ्यायच्या? लहान देशातल्या माणसाला बहीण नसते?"

सर म्हणाले, "असते. तेही खरंच आहे." वादात समोरच्याचे खरे मानणारा दुसरा माणूस मी शिक्षकांच्या खोलीत पाहिला नाही. आज मात्र मला वाटते, मी देश मोजत होते आणि सर माणसे.

सरांची स्वतःची पाळी जवळ आली तेव्हा त्यांची एकुलती मुलगी शबाना एकवीस ओलांडून गेली होती. एकवीसच्या आतल्या मुलांनाच आईवडिलांबरोबर जाता येते; वयाच्या सगळ्या सवलती धरूनही ती काही महिन्यांनी हुकली. आईवडिलांनी जावे, मुलीने राहावे, असा त्याचा अर्थ. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. सरांच्या पत्नी झुबेदाभाभींनी चहा ठेवला आणि जन्मस्थानाचा विषय निघाला तशा सहज म्हणाल्या, "बाई, मी तं नैरोबीची पैदाइश. बोटीतून आली तवा दीड वर्साची होती."

सर उभे राहिले. "काय? तुमच्या शाळेच्या दाखल्यावर तं बाळापूर आहे!"

"दादाजाननं नाव टाकलं शाळेत. मास्तरनं गाव इचारलं, त्याहीनं गाव सांगतलं. नैरोबी काय आपलं गाव आहे?"

"मले कावून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कवा? साऱ्या जिल्ह्याले इचारता. माहा कागद पायला अन् लिवून टाकलं."

सासरे आफ्रिकेत शिंपीकाम करीत, हे सरांना ठाऊक होते. पण पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणजे सासूबाई बाळापूरला आल्याच असणार, असे ते धरून चालले होते. पती-पत्नींपैकी एकाचा जन्म कमी गर्दीच्या देशातला असेल, तर सारे कुटुंब त्या देशाच्या रांगेत उभे राहू शकते. हा नियम सरांनीच कितीतरी घरांना समजावून सांगितला होता. ती रांग थोडी पुढे होती. वेळीच कळले असते तर शबाना तिच्यात बसली असती; आता तिचे वय त्या रांगेसाठीही उलटून गेले होते.

आपांनी फोनवर सांगितले, "पोरीचं लगन लावून दे अन् तू ये." सर म्हणाले, "आपा, तिचं शिक्षण चालू आहे. तिले एकटी टाकून नाही येत." आपांनी फोन ठेवला. दोन महिने त्या बोलल्या नाहीत. सरांनी पाळी सोडली. त्याबद्दल त्यांनी कोणालाही दोष दिला नाही, भाभींना तर मुळीच नाही. फक्त तेव्हापासून ओसरीवर आलेल्या प्रत्येक बाईला ते कागद पाहण्याआधी विचारतात, "तुमचा जन्म नेमका कुठं झाला? गाव नका सांगू, जागा सांगा."

त्याआधी, आपांचे यजमान वारले तेव्हा, सरांनी नुसत्या भेटीसाठी व्हिसा मागितला होता. कायमचे येण्यासाठी नाव लावून बसलेला माणूस परत जाईल याचा भरवसा काय, म्हणून तो नाकारला गेला. रांगेत उभे असल्यामुळे बहिणीला भेटता येत नाही, हे गणित मला अजून सुटलेले नाही.

आता भाभी नाहीत. शबाना अकोल्याला नोकरीत आणि संसारात आहे. दर रविवारी सकाळी आपांचा फोन येतो. त्या ब्याऐंशीच्या आहेत, वृद्धाश्रमात असतात, त्यांना ऐकू कमी येते आणि प्रवास झेपत नाही. एकदा मी समोर बसले होते. "आवाज येतो का?" एवढेच दोघे आळीपाळीने विचारीत होते. मग दोघेही गप्प झाले. फोन मात्र चालूच राहिला. पंख्याचा आवाज येत होता, कुणाकडचा ते कळत नव्हते.

सरांनी भेटीच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला मुलाखत आहे. गौरव समितीने समारंभाची तारीख त्यानंतरची ठरवली, तेव्हा सरांनी संकोचाने विचारले, "मिळाला तर मी लगेच निघेन. तुमचा कार्यक्रम बिघडेल का?"

बिघडू द्या. सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे आणि डोळे साथ देत राहोत, आणि आपांनाही तेवढाच अवधी मिळो. ग्रंथाचे प्रकाशन आम्ही करू, हारही कुणाच्या तरी गळ्यात घालू. त्या दिवशी व्यासपीठावर हमीद सरांची खुर्ची रिकामी असावी, एवढेच मी मागते.