वरून आलंय

पाणीपुरवठा कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय सुचेल याचा नेम नसतो. कोणी कुंड्यांत मिरच्या लावतं, कोणी सुनेला संसार शिकवतं. आमच्या हेडक्लार्कांना थेट वरून निरोप यायला लागले.

'वरून' हा शब्द त्यांच्या तोंडी नवा नव्हता. नोकरीत असताना खिडकीपलीकडचा माणूस कितीही तणतणला, तरी ते चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे म्हणायचे, "वरून आलंय हो. माझ्या हातात काही नाही." वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर साहेब बसायचे, आणि पुष्कळदा साहेबांना त्यातलं काही ठाऊकही नसायचं. पण त्या एका शब्दाआड हेडक्लार्क सुखात राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी कोणाला स्वतःहून 'नाही' म्हटलं नाही, आणि 'हो' तर त्याहून नाही.

बायको गेल्यावर वर्षभरानं ते एका शिबिराला गेले. तिथल्या बाईंनी शिकवलं, डोळे मिटायचे, पेन सैल धरायचं, प्रश्न मनात ठेवायचा आणि हात चालेल तसा चालू द्यायचा. बाकीच्यांच्या कागदांवर नुसत्या गिरगोट्या उमटल्या. ह्यांनी पहिल्याच बैठकीत चार पानं लिहिली, डावीकडे समास सोडून. बाईंनी हात जोडले, आणि गडी तिथेच कामातून गेला.

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बैठक भरू लागली. येणारी माणसं दोनच, शेजारच्या निवृत्त नर्सबाई आणि कोपऱ्यावरचे घड्याळजी. मुलगी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिची दुपार मोकळी असली की ती सगळ्यांना चहा द्यायची आणि दाराला टेकून ऐकायची. तिचा ह्यातल्या कशावर विश्वास नव्हता. पण आई गेल्यावर घुम्यासारखे बसून राहणारे बाबा बुधवारी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गुणगुणत असतात, एवढं तिला पुरे होतं.

वरच्यांची भाषा मात्र जबरदस्त होती. घड्याळजींनी विचारलं, दुकान मुलाच्या हाती सोपवू का? उत्तर आलं, "सदर बाबतीत सर्व बाजूंचा सांगोपांग विचार होणे आवश्यक आहे." घड्याळजी गहिवरले. नर्सबाईंनी विचारलं, आमचे हे माझ्यावर रागावून तर गेले नाहीत ना? "तशी कोणतीही नोंद आढळून येत नाही." नर्सबाईंनी डोळे पुसले आणि त्या आठवड्यात त्यांना शांत झोप लागली. झोप लागली हे अगदी खरं आहे, त्याला कोणी हसू नये.

आता हेडक्लार्क लबाड होते का? मुळीच नाही, पंचाईत तीच होती. त्यांचा हात खरोखरच आपोआप चालायचा. कचेरीतही तो चौतीस वर्षं आपोआपच चालला होता.

एका बुधवारी मुलगी चहाचे कप मांडून स्वतःच चौथ्या खुर्चीवर बसली. "बाबा, आज मला विचारायचंय."

लांबच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयानं तिला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. रेल्वेनं चौदा तास. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दहा दिवसांत तिनं बापाला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा बापानं "तुझं तू बघ, बाई" म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"जाऊ की नको, एवढंच विचारा," ती म्हणाली. "जे येईल तसं करीन."

"जे येईल तसं?" नर्सबाईंनी भुवया उंचावल्या.

"हो. विचार करून करून डोकं आंबलंय माझं."

हेडक्लार्कांनी डोळे मिटले. एरवी हात आधी चालायचा आणि शब्द मागून कळायचे. आज शब्द आधी आले. अख्खं वाक्य पूर्णविरामासकट समोर उभं राहिलं. हे वरचं नव्हे, हे त्यांना तिसऱ्या शब्दालाच कळलं, तरी हात थांबला नाही. त्यांनी थांबवला नाही, असं म्हणू या. निदान आपण तरी खरं बोलू.

घड्याळजींनी कागद उचलून खड्या आवाजात वाचला. "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, विषय महत्त्वाचा असला तरी तूर्त थांबावे. योग्य वेळी कळविण्यात येईल."

"बरं," मुलगी म्हणाली आणि खाली मान घालून रिकामे कप गोळा करू लागली.

नर्सबाईंनी कागद हिसकावून घेतला. "थांबा, थांबा. अहो, हे पत्र मला आलंय!"

"तुम्हालाही वरून?" घड्याळजी हरखले.

"डोंबल वरून! नळासाठी अर्ज केला होता तेव्हा आलं होतं. जसंच्या तसं, खाली ह्या हेडक्लार्कांचीच सही. दोन वर्षं बादल्या वाहून माझी पाठ गेली, पण पत्र पाठ झालं."

मुलगी फिसकन हसली. हसता हसता तिनं बापाकडे पाहिलं आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. ते वाक्य हेडक्लार्क ठरावीक वेळीच काढायचे. नाही म्हणायला कारण सापडत नाही आणि हो म्हणायला जीव होत नाही, अशा अर्जांसाठी.

पळवाट होती. ती घड्याळजींनीच आयती पुढे केली. "वरचे आपल्याच तोंडचे शब्द वापरतात, असं शिबिरातल्या बाई म्हणायच्या ना हो?"

म्हणायच्या खऱ्या. हेडक्लार्कांच्या ओठांवर होकार आलाही होता. मग त्यांची नजर मुलीच्या हातातल्या कपांवर गेली. कप एकमेकांवर किणकिणत होते.

"नाही," ते म्हणाले. "हे मी लिहिलंय. डोळे मिटून लिहिलं, पण मीच लिहिलं."

"आणि माझं?" नर्सबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आमचे हे रागावले नव्हते, ते?"

ह्याचं उत्तर जड होतं. "माहीत नाही हो, बाई. तेव्हा ते वरून आल्यासारखंच वाटलं होतं. आज तसं वाटलं नाही. ह्याच्यापुढं मला काही सांगता येत नाही."

नर्सबाईंनी थोडा वेळ टेबलावरचा डाग नखानं खरवडला. "ते रागावायचे नाहीतच म्हणा. रागवायची ती मी." असं म्हणून त्यांनी खुर्ची हेडक्लार्कांच्या जवळ ओढून घेतली.

"मग आता पेन ठेवा," मुलगी म्हणाली. "आणि तुम्ही सांगा."

हेडक्लार्कांनी पेन ठेवलं. "मला एकट्यानं राहायची भीती वाटते. तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि तू गेलं पाहिजेस."

"ह्यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही."

"हेच तर विचारत होते मी दहा दिवस!" मुलगी म्हणाली आणि पाहुण्यांसमोरच भडाभडा रडली. घड्याळजी बिचारे छताकडे पाहत बसले.

गुरुवारी सकाळी तिनं होकाराचं पत्र लिहिलं आणि बापासमोर ठेवलं. हेडक्लार्कांनी ते दोनदा वाचलं, सवयीनं पेनही उचललं, आणि एकही शब्द न बदलता पत्र परत दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ते मनसोक्त रडले. बाहेर तिला ऐकू जातंय हे माहीत होतं, तरी त्यांनी आवाज दाबला नाही.