भाकरीच्या कडेवर माझं बोट

"वाचा बघू अक्का. यात तुमचं नाव कुठं आहे?"

त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला होता. माझे हात कोपरापर्यंत पिठात. दारात भाकरी न्यायला आलेल्या वकिलीणबाई उभ्या. त्यांच्यामागं अमरगोळच्या खानावळीचा माणूस, कडक भाकऱ्यांची थप्पी न्यायला आलेला. फोनवर सगळं इंग्रजी. मी चौथी शिकलेली, तीही मराठी शाळेत. मी परातीत बघत राहिले.

"वाचा की."

वकिलीणबाई हसल्या. "तिला कशाला विचारता? फोन उलटा धरला तरी तिला कळायचं नाही."

खानावळवालाही हसला. त्यालाही इंग्रजी येत नव्हतं. तरी हसला.

दुकानांची नावं फोनवर वर आणून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा हा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "तुमचं नाव नाहीच," तो म्हणाला. "हुबळीत कडक भाकरी शोधली की शोभाताई दिसतात. तुम्ही जगात नाहीच." मग त्यानं एक लाल गोल दाखवला. माझ्या धंद्याला शंभरात अकरा मार्क. चौथीनंतर मला कुणी मार्क दिले नव्हते.

"उद्या कुणी फोनवर लिहिलं, हिच्या भाकरीत खडे निघाले, तर तुम्हाला कळणारपण नाही. सहा महिने. मग यारू बरंगिल्ल."

कुणी येणार नाही. हे तो मुद्दाम कन्नडमध्ये म्हणाला, खानावळवाल्याकडं बघून.

कागद ठेवून गेला. परवा सही घ्यायला येतो म्हणाला. गल्लीला फोनवर पहिली जागा एकच. मी नको म्हटलं तर ती शोभाला, कायमची. जाताना शोभाच्या पानावरचा फोटो माझ्या फोनवर टाकून गेला. "बघत बसा," म्हणाला.

मी बघत बसले.

शोभा माझ्या घरापासून चौथ्या दारात राहते. दहावी पास. नवरा आजारी पडला तेव्हा माझ्याच चुलीपुढं बसून भाकरी शिकली. थापणं तिला जमलं नाही, म्हणून लाटण्यानं लाटते. बोलायला गोड. गिऱ्हाइकाला "या काकी, बसा" म्हणते. माझ्या तोंडातून असलं काही निघत नाही. मी भाकरी देते आणि आत जाते. तिचं हसणं ऐकू आलं की माझ्या छातीत काहीतरी आवळतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं वहीत लिहिते.

आणि आता फोनवरही तीच. फोटोत भाकऱ्यांची रास. वरची भाकरी चंद्रासारखी गोल, कागदासारखी पातळ, कुठं डाग नाही. कधी शिकली ही? मी दोन दिवस तो फोटो परातीशेजारी ठेवून तशी भाकरी करायला गेले. दहा वर्षांत फाटली नाही ती भाकरी हातात फाटली. खानावळवाला थप्पी चाळून म्हणाला, "अक्का, हे काय आज?" तो माणूस सांगत होता ते खरंच होणार, असं वाटलं. मी कागद काढला आणि पेन शोधलं.

फोनवर पीठ सांडलं होतं. दोन बोटांनी पुसायला गेले आणि फोटो मोठा झाला.

वरच्या भाकरीच्या कडेला बोटं उमटली होती. चार सरळ. पाचवं तिरकं, दबलेलं.

माझी उजवी करंगळी वाकडी आहे. लहानपणी दारात सापडली होती. शेवटचा फेर देताना ती कडेवर तिरकी बसते. माझ्या प्रत्येक भाकरीवर बसते. लाटलेल्या भाकरीला बोटं उमटत नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी तोच माणूस "नुसते फोटो, फुकट" म्हणून आला होता. मी त्याला गरम भाकरी आणि शेंगाचटणी वाढली होती. दोन खाल्ल्या त्यानं.

दोन दिवस मी माझ्याच भाकरीवर जळत होते.

फोन घेऊन शोभाच्या दारात गेले. तिनं बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"मला काय माहीत अक्का? तो म्हणाला, अक्कानं सही केली, तू मागं राहिलीस. मी घाबरले. केली सही."

"फोटो माझा आहे."

मग ती हळूच म्हणाली, "चांगला आलाय गं. राहू दे की."

मी फोन घेऊन परत आले.

तो ठरल्या दिवशी आला. वकिलीणबाईही होत्या. बरंच झालं. मी तव्यावरची भाकरी काढली आणि त्याच्या कागदावर ठेवली.

"वाचा बघू. कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"वाचा की."

तो हसला. वकिलीणबाई हसल्या नाहीत. मी फोटो मोठा करून भाकरीशेजारी धरला आणि माझी करंगळी दोन्हींवर ठेवली. "सही नाही. हा फोटो काढा. आत्ता, माझ्यासमोर."

"तुमचाच तोटा आहे अक्का. सहा महिन्यांत—"

"काढा."

त्यानं काढला. कागद उचलला तर त्यावर भाकरीचा ओला गोल उठला होता.

आता शोभाच्या पानावर तिची स्वतःची भाकरी आहे. तरीही तीच वर दिसते. मला अजून जळफळाट होतो. चौथ्या दारातून हसणं आलं की छाती आवळते. ते माझं आहे, माझ्याजवळ राहील. पण ते हुडकून काढून माझ्यापुढं कागद सरकवणाऱ्याला मी पुन्हा दारात उभं करणार नाही, आणि त्याला भाकरी तर वाढणारच नाही. मुलीकडून इंग्रजीतलं माझं नाव गिरवते आहे. सात अक्षरं आहेत, पाच येतात. सातही आली की फोटो मी काढीन, पान मी लावीन.

वाकडं बोट उमटलेली कडा पुढं ठेवून.