भिंगबाईंचा कोरा खवला

माझ्या थोरल्या नणंदेला मत्स्य खात्यात सगळे भिंगबाई म्हणत. माशाच्या खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वलयं असतात. ती मोजून वन्सं माशाचं वय सांगत. खवला पाण्यात चोळायचा, दोन काचांमध्ये दाबायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. जन्मभर हेच काम. लग्न केलं नाही. आमच्याच मागच्या खोलीत राहिल्या. बोटांचा वास लिंबानंही जात नसे.

नोकरीच्या अखेरीस नदीतले सोनपाठ्या मासे चांगले थोराड येऊ लागले. बाजार खूश, वन्सं मात्र काळजीत.

"मोठे आले तर वाईट काय त्यात?" मी विचारलं.

"वहिनी, घरात सगळी म्हातारीच उरली, तर त्याला भरलेलं घर म्हणाल का?"

पिल्लं येतच नव्हती. धरणानं अंडी घालायच्या उथळ जागा बुडवल्या होत्या. निवृत्त होण्यापूर्वी एक तरी कोवळा सोनपाठ्या बघायचा, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता.

शेवटच्या आठवड्यात ओळखीचा मासेमार वीतभर मासा घेऊन त्यांच्या कचेरीत आला. "घ्या भिंगबाई, नातवंड आलं तुमचं!"

वन्संनी तिथंच एक खवला काढून पाहिला आणि ओरडल्याच, "दोन वर्षांचा! अरे, दोनच वर्षांचा!"

खात्यात चहा झाला. घरी आल्या त्या गुणगुणत. आमचे हे तेव्हा होते. म्हणाले, "ताई, पाळणा आणू का?"

"आण, आण. दोरी मीच ओढते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर त्याच माशाचे बाकीचे खवले पाहिले. कालच्या खवल्याचा मध्य कोरा होता. खवला गळला की जागी नवा येतो. तो भरभर वाढतो, आधीची वर्षं त्यावर उमटत नाहीत. असा खवला वयासाठी धरायचा नाही, हे नव्या माणसांना त्या पहिल्याच दिवशी शिकवत. बाकीच्या खवल्यांवर वलयं दाटीवाटीनं चिकटली होती. मासा कोवळा नव्हता. म्हातारा होता, वाढ खुंटलेला.

संध्याकाळी चपलाही न काढता त्या दारातच बसल्या.

"मध्य कोरा दिसला होता मला, वहिनी. दिसला, तरी मोजला."

मी पाणी आणून दिलं. "त्या मासेमाराला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाला, असू द्या, मी खरं पिल्लू शोधून आणतो. मला त्याला नको म्हणवलं नाही."

नंतर तो बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून जाई. वन्सं खोलीतूनच विचारत, "आलं का रे?"

"आज नाही, बाई."

वन्सं गेल्यावर काही दिवसांनी तो पुन्हा दारात उभा राहिला. आतून कुणी विचारलं नाही. मग मलाच म्हणाला, "आजही नाही."

मी त्याला आत बोलावलं आणि चहा टाकला.