रखमाजी मुकादमांच्या नोटिसा

म्युनिसिपालिटीचे रखमाजी मुकादम कुणाच्याही घरात शिरले की पहिला रामराम मालकाला नाही, भिंतीला. वेताच्या काठीनं भिंतीवर दोनदा ठोकायचं, पटका मागं सारायचा आणि कान लावून ऐकायचं. घरातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. "मालक खोटं बोलंल, भिंत न्हाय बोलायची," असं ते म्हणायचे. भिंत ठीक असली तर "बरी हाय," म्हणून पुढच्या घरी. काहीच बोलले नाहीत तर समजावं, दोन दिवसांत म्युनिसिपालिटीची नोटीस दारात.

तीस सालच्या, इंग्रजांच्या मार्शल लॉनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या पेठेतली बहुतेक घरं तेव्हा धाब्याची. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. घर नीट राखणं ही मालकाची जबाबदारी, असा नियमच होता. भिंत धोक्याची झाली तर मालकानं मुदतीत उतरवायची, दारचं गटार तुंबलं तर मालकानं उपसायचं. रखमाजी मंगळवेढ्याकडचे, शिक्षण चार बुकांचं. पण हे नियम त्यांना तोंडपाठ. अख्खी पेठ त्यांना शिव्या घालायची. मीही घालायचो, खोटं कशाला बोलू?

माझा तर तोरा असा, की आपल्याला नोटीस येणं शक्यच नाही. चादरींचं दुकान बरं चाललं होतं आणि घराला मी तळहाताच्या फोडासारखं जपत होतो. दर उन्हाळ्यात धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर. वडिलांनी कधी चुकवला नाही, मीही नाही. पावसाळ्यात शेजारी घरभर भांडी मांडून बसायचे; माझ्याकडे टिपूस गळत नसे. मागच्या खोलीत मल्लय्या विणकर भाड्यानं राहायचा, बायको आणि तान्ह्या मुलीसह. मागच्या भिंतीला लागून त्याचा हातमाग आणि तिथंच त्यांची अंथरुणं.

एका मे महिन्यात रखमाजींनी त्या भिंतीला कान लावला. काही न बोलता शिडीवरून धाब्यावर गेले आणि काठी मातीत खुपसली. ती हातभर आत गेली.

"मालक, जुनी माती कवा काढली हुती?"

"काढायची कशाला? घालायची असते!" मी ठसक्यात म्हणालो.

"पोराला थंडी वाजती म्हनून धा वाकळा घालता व्हय? गुदमरंल की! एवढ्या वज्यानं भिंतीनं प्वाट काढलंय. त्यात पाऊस प्याली ही माती की संपलंच."

आली नोटीस. आठ दिवसांत भिंत उतरवा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेठेतल्या सगळ्यात निगुतीच्या घराला नोटीस! म्युनिसिपालिटीत वजन असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना घेऊन मी तडक कचेरी गाठली. रखमाजी व्हरांड्यातच भेटले.

"मुकादम, नोकरीची दोनच वर्षं राहिलीत ना?" गृहस्थ गोड आवाजात म्हणाले. "ती सुखानं काढायची असतील तर नोटीस मागं घ्या."

रखमाजींनी आतल्या कारकुनाकडून कोरा कागद आणि दौत-टाक मागून आणला, माझ्यापुढं ठेवला.

"तुमीच लिवा की मालक. भिंत चांगली हाय, पावसात पडनार न्हाय. खाली सई करा. मी हितंच नोटीस फाडतो. आन् मी न्हाय फाडली म्हनून नोकरी गेली, तर जाऊ दे. गावाकडं जवारी हाय माझी."

मी टाक बुडवला. 'भिंत' एवढा एकच शब्द लिहिला आणि मल्लय्याची मुलगी डोळ्यांपुढं आली, त्या भिंतीच्या खुंटीला बांधलेल्या झोळीत झोपलेली. हात पुढं सरकेना. मी टाक त्या गृहस्थांपुढं धरला. त्यांना एकाएकी काम आठवलं आणि ते गेले.

रखमाजींनी मला टोमणा मारला नाही. "मायेपायी चुकतं मानूस," एवढंच म्हणाले आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला.

मल्लय्याचा माग पुढच्या सोप्यात हलवला. माती उतरवता उतरवता गाढवांच्या खेपा संपेनात. माझ्या वडिलांच्या आणि माझ्या हातचे सगळे थर! रविवारी सुट्टी असूनही रखमाजी आले, तुळयांना टेकू लावून घेतले आणि गवंड्याला म्हणाले, "आता लाव पहार." त्यानं वरचा एक दगड हलवला मात्र, सबंध भिंत धाडकन आतल्या बाजूला आली. माग होता तिथं कमरेइतका ढीग झाला. मला हुंदका आवरेना.

"रडताय काय मालक? ओळंबा आना. नवी भिंत सरळ घ्याया पायजे," रखमाजी म्हणाले आणि धोतर खोचून दगड उचलायला लागले.

त्यांची नोकरी गेली नाही. जाईल कशी? पुढं मीच चार माणसांत त्यांच्या बाजूनं भांडायचो. अशा माणसाची नोटीस माझ्या दाराला लागली, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी उघड मिरवतो.

नोकरी पुरी करून चारेक वर्षांनी ते वारले. दारात ही गर्दी! सगळे पेठेतले घरमालक, एकेकाळी त्यांना शिव्या घालणारे. खांदा कुणी द्यायचा यावरून बाचाबाची सुरू झाली. "मला दोनदा नोटीस दिलीय त्यांनी!" "माझ्या घराला तीन आल्यात, सरका!" मीही छाती काढून पुढं झालो. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मल्लय्या तिरडीपाशी आला.

"अरे, तुला कुठलं घर?" कुणीतरी त्याला हटकलं. "तुला कसली आलीय नोटीस?"

"नोटीस शेटला आली," मल्लय्या म्हणाला. "भिंतीखाली झोपत होतो आम्ही."

मी मागं सरलो. पुढचा खांदा त्यानं दिला.