द्रौपदीबाईंच्या घराची झडती

द्रौपदीबाई कायदा शिकल्या त्या आरोपीच्या वकिलाकडून, आणि तेही चारचौघांत शोभा करून घेऊन. एकोणऐंशी साली पोलिसांनी त्यांना कुणाच्या तरी घरझडतीला पंच म्हणून नेलं. सांगितली तिथे बाईंनी सही ठोकली. पुढे कोर्टात वकिलाने त्यांना सोलून काढलं. "पोलीस आत शिरण्याआधी त्यांची अंगझडती घेतली? नाही? मग माल त्यांच्याच खिशातून आला नसेल कशावरून? कागद तरी वाचलात का?" आरोपी सुटला. बाई लालबुंद होऊन घरी आल्या आणि सगळे प्रश्न पाठ करून बसल्या.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते कामी आले. बाईंचा मुलगा रतन साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात कामाला होता. तिथून बेअरिंगांचा खोका गेला आणि मालकाने रतनचं नाव घेतलं. भर दुपारी घाटकोपरच्या चाळीत फौजदार हजर. सोबत एक हवालदार आणि ठाण्याजवळचा पानवाला. रतनच्या तोंडचं पाणी पळालं. घरात काही 'सापडलं' असतं तर नोकरी जाणार होतीच, पोरगाही आत जाणार होता.

बाई उंबऱ्यातच बसल्या.

"झडती घ्या ना, नाही कोण म्हणतंय? लेखी कारण दाखवा."

फौजदारांनी कागद दिला. बाईंनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला.

"आणि पंच?"

"हा काय!" पानवाला पुढे झाला.

"हा तुमच्या दारचा. मला वस्तीतले दोन पाहिजेत."

"मावशी, वकील आहात काय?"

"पंच होते. वाट लागली होती माझी. ए लवू, ये रे इकडे!"

शेजारचा लवू शिंपी मशीन सोडून आला. दुसरं जागं माणूस त्या वेळी एकच होतं: समोरच्या सुलक्षणा मास्तरीण. दोघींचं चार महिने बोलणं बंद होतं. सुलक्षणाबाईंचा स्टीलचा डबा द्रौपदीबाईंकडे राहिला होता. तो आपल्याकडे नाहीच, असं द्रौपदीबाईंनी शपथेवर सांगितलं होतं. पण नाइलाज होता. बोलावलं.

"आता साहेब, आधी तुमची अंगझडती."

फौजदारांनी हसत हात वर केले. लवूने कोटाची मापं घ्यावीत तशी झडती घेतली. मग हवालदार. त्याच्या खिशातून तंबाखूची पुडी निघाली, आणि एक चकचकीत बेअरिंग.

लवूने ते सगळ्यांपुढे धरलं.

"नमुना आहे," हवालदार पुटपुटला. "जुळवून बघायला."

"असू दे की! फक्त लिहा. आत जाताना बेअरिंग एक, हवालदारांच्या खिशात."

हवालदाराकडे डोळे वटारत फौजदारांनी लिहिलं.

मग ट्रंक झाली, गाद्या झाल्या, तांदूळ उपसले. बाबासाहेबांच्या तसबिरीमागे बघायचं तर बाईंनी आधी हात धुवायला लावले. बेअरिंग निघेना. फळीच्या कोपऱ्यातून मात्र हवालदाराने एक डबा ओढला आणि झाकणावर कोरलेलं नाव वाचून खुलला.

"'सौ. सुलक्षणा जयवंत तावडे'! साहेब, दुसऱ्याचा माल!"

द्रौपदीबाईंनी डोळे मिटले. जिला शपथेवर खोटं सांगितलं तीच पंच, आणि आपणच हौसेने बोलावलेली! आता ती 'चोरला' म्हणाली की रतनचं काही खरं नव्हतं.

सुलक्षणाबाईंनी डबा हातात घेतला. उघडला. वास घेतला.

"चोरीचा नाही. दिवाळीला मीच दिला होता, चकल्या घालून. रिकामा कसा परत करायचा म्हणून हिने ठेवला, नि विसरली. विसरभोळेपणाला कलम असेल तर लावा!"

"लिहा," द्रौपदीबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "डबा एक, पंचाचा."

यादीची प्रत मिळेपर्यंत त्यांनी फौजदारांना हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रतनने ती मालकापुढे ठेवली. 'हवालदारांच्या खिशात' या ओळीशी मालक अडकला, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "मशीनवर जा."

त्या संध्याकाळी द्रौपदीबाई समोरच्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात डबा, शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेला. दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"डबा मिळाला म्हणून सही कर गं."

सुलक्षणाबाईंनी चष्मा शोधला. "थांब. वाचल्याशिवाय सही करायची नसते ना?"