समोरच्याची गोष्ट

नवरा-बायको समोर तावातावानं भांडत असले की मॅडम टेबलावर तळहात पालथा ठेवायच्या, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवावा तसा, आणि म्हणायच्या, "थांबा. आता जरा वेळ काही घडायचं नाय."

मग खरंच काही घडत नसे. पंखा फिरायचा. खाली चहावाल्याचे ग्लास वाजायचे. भांडणारी माणसं आधी गोंधळायची, मग एकमेकांना टाळून खिडकीबाहेर पाहत बसायची.

एका संस्थेच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात मॅडम समुपदेशक होत्या. मी वकील. आम्हा वकिलांना त्या आत बसू देत, पण तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. ही गप्प बसवण्याची पद्धत कुठल्या पुस्तकातली, असं मी एकदा विचारलं. त्यांनी एका जपानी दिग्दर्शकाचं नाव घेतलं. मला ते तेव्हा धड उच्चारताही आलं नाही. हे गृहस्थ हातानं चित्रं काढून सिनेमे करतात.

"म्हणजे कार्टून?"

"व्हय, कार्टून. तुमच्या अर्जापेक्षा खरं असतंय."

पुण्याच्या भाच्यानं कुठल्याशा सुट्टीत लॅपटॉपवर एक सिनेमा लावून दिला आणि पन्नाशी ओलांडल्यावर मॅडम त्या दिग्दर्शकाच्या भक्त झाल्या. भक्त हा शब्द चुकलाच. भक्त देवाच्या चुका काढत नाहीत, मॅडम काढायच्या. "शेवटाला घाई करतोय म्हातारा. मधी एवढा निवांत, अन् शेवटी बस सुटल्यासारखा पळतोय." म्हातारा म्हणजे तोच. केंद्रातल्या शिपायाचा बरीच वर्षं समज होता की त्या सासऱ्यांबद्दल बोलतात.

त्यांनी मलाही एक सिनेमा पाहायला लावला. दुसऱ्या दिवशी मी वकिली थाटात सांगितलं, की पहिल्या अर्ध्या तासात काही घडतच नाही.

"पोरगी भात शिजवती. झाकण काढलं की वाफ चष्म्यावर येती. ती चष्मा पुसती. हे घडणं नाय का?"

"चष्मा पुसला, एवढंच."

"तेवढंच. दुसऱ्यानं तेवढ्या वेळात दोन माणसं मारली असती."

पण त्यांना खरं मोल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हा म्हातारा शत्रूला नुसता शत्रू म्हणून सोडत नाही. गाव जाळायला निघालेल्या सेनापतीच्या घरी चूल कशी पेटते, हेही दाखवतो. मग हरवायचं कुणाला, असा पेच बघणाऱ्याला पडतो, आणि तो पेच तसाच ठेवून सिनेमा पुढे जातो. "गोष्ट सांगणं म्हंजे निकाल देणं नाय, वकीलसाहेब. निकाल लई जण देतेत."

शहरातल्या एका मंडळानं या दिग्दर्शकावर कार्यक्रम ठेवला होता. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. अध्यक्ष निसर्ग आणि मानव यांच्या नात्यावर इतका वेळ बोलले की दोघांनाही कंटाळा आला असावा. मॅडमना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. त्या माइकपाशी गेल्या, "सिनेमा चांगलाय. लावा," म्हणाल्या आणि खाली येऊन बसल्या. त्या संध्याकाळचं तेवढंच भाषण मला अजून पाठ आहे.

मग केंद्रात मुकुंदवाडीचं एक जोडपं आलं. तो वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, ती घरी ब्लाउज शिवणारी, आणि सहा वर्षांची एक मुलगी. घटस्फोट दोघांनाही हवा होता, त्याबद्दल वाद नव्हता. मुलगीही दोघांना हवी होती, आणि ती दुसऱ्याच्या नजरेलाही पडू नये यावरही दोघांचं एकमत होतं. मी बायकोचा वकील. अर्जाच्या मसुद्यात मी नवरा असा रंगवला होता, की तो रस्त्यात भेटला असता तर मीच दुसऱ्या फुटपाथवर गेलो असतो.

"तुमची गोष्ट कळाली," मॅडम नवऱ्याला म्हणाल्या. "आता हिची सांगा. हिच्या बाजूनं."

"तिची मी कशाला सांगू? वकील लावलाय की तिनं."

"त्यांनी लिहिलेली वाचली मी. त्यातलं कुणीच मला ओळखू यीना. तुम्ही सांगा."

तो हटून बसला. मॅडमचा तळहात टेबलावर आला. मी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

"मी नाइट करून येतो तवा ही मशीन चालवत नाय," अखेर तो म्हणाला. "माझी झोप मोडती म्हणून. सगळं काम मागं ठेवती, मग रातच्याला बसती. डोळे दुखतेत तिचे."

"डोळे नाय. मान," बायको म्हणाली.

"मान दुखती," त्यानं दुरुस्त केलं.

मग तिची बोलायची वेळ आली. "पोरगी आजारी पडली की हा खाडा करतो," ती म्हणाली. "सुपरवायझरच्या शिव्या खातो. मला सांगत नाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या दोस्ताच्या बायकोनं."

मी मनातल्या मनात समेट लिहून मोकळा झालो होतो. मॅडमनी तो तिथेच खोडला. "ह्यांचं लग्न संपलंय," दोघं गेल्यावर त्या म्हणाल्या. "पोरीचं आयुष्य सुरू व्हायचंय अजून."

घटस्फोट झाला. मुलगी आईकडे राहील, सुट्टीच्या दिवशी बापाकडे जाईल, आणि तिच्यासमोर कुणी दुसऱ्याला वाईट बोलणार नाही, असं ठरलं. शेवटच्या कलमाची अंमलबजावणी कशी करणार, असं मी विचारलं.

"तुम्ही नका करू. ते करतील," मॅडम म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. पडेगावच्या त्यांच्या घरी हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली होती. मी भेटायला गेलो तेव्हा मुकुंदवाडीचा तो भिंतीला टेकून बसला होता, कारखान्याच्या कपड्यांतच. थोड्या वेळानं ती आली, मुलीचा हात धरून. दुसरं माणूस इथं असेल याची दोघांनाही कल्पना नव्हती, हे चेहऱ्यांवर दिसत होतं. मुलगी आता उंच झाली होती. तिनं आईचा हात सोडला, पण बापाकडे धावली नाही. उंबऱ्यातच थांबून ती दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली.

सतरंजी जवळजवळ रिकामीच होती. तरी तो जरा सरकला, आणि भिंतीशी दोघींपुरती जागा केली.