वन्संनी पाहिलेला डोंगर

वन्सं गेल्याची तार आली तेव्हा मी चिपळूणला भावाकडे होते. मिळेल त्या सर्व्हिस मोटारीनं रत्नागिरीला परतले, तोवर सगळं आटोपलं होतं. तुम्ही मुलं कराचीत वाढलात. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण तुम्हाला आठवत असेल ती विधवेचं तांबडं आलवण नेसलेली, फारसं न बोलणारी. म्हणून ही एक हकीकत लिहून ठेवते.

कोवळ्या वयात विधवा होऊन त्या माहेरी आल्या, त्यानंतर देवळापलीकडे त्यांचं जाणं नव्हतं. पूजेची फुलं आणायला तेवढ्या गावामागच्या सड्यावर, त्या उंच कातळमाळावर जात. थंडीतल्या निवळ सकाळी तिथून सह्याद्रीची निळी रेघ दिसते. एका दिवाळीनंतर फुलांची परडी खाली ठेवत त्या म्हणाल्या, "भाऊ, मला महाबळेश्वरचा डोंगर चढायचाय. पायी."

तुमचे आजोबा उत्साहानं बेत आखायला बसले. खेडपर्यंत मोटार, पायथ्याला मुक्काम, मग घाट. मी इंग्रजी मार्गदर्शिका वाचून दाखवली. तिच्यात साहेबांच्या घोड्यांची सोय होती, वन्संच्या सोवळ्याची नव्हती. म्हणून वाटेत केळी, खजूर आणि दाणेगूळ असं ठरलं. सरावासाठी आम्ही दोघी रोज सकाळी भाट्याच्या वाळूवर चालू लागलो. सपाट वाळूवर घाटाची तयारी होत नाही, हे आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना घाटातच कळलं…

अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. आजोबा म्हणाले, "ताई, कुणी विचारलं तर कृष्णेच्या उगमाला, दर्शनाला जातोय म्हणू. तू डोंगर बघायला निघालीस म्हटलं तर आळी बोलेल."

"उगमाला नमस्कार करीनच. पण जात्ये ती डोंगरासाठी."

"नुसतं म्हणायचं गो."

"देवाच्या नावानं जन्मभर घरात बसल्ये. आता बाहेर पडताना तरी त्याला मध्ये घालू नको."

आजोबा उठून ओटीवर गेले. बेत मोडला असंच मी धरून चालले. वन्सं मात्र निवांतपणे तांदूळ निवडत राहिल्या. खोटं कारण सांगून उंबरा ओलांडण्यापेक्षा त्या घरातच राहिल्या असत्या. संध्याकाळी आजोबा आत आले. "लोकांना सांगतो, ताईला वेड लागलंय."

"सांग. वेड्यांना बरं, कुणी उपास धरायला लावत नाही."

घाटात आमच्या पोटऱ्या भरून आल्या. वर कड्याशी वन्सं पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. खाली सारं कोकण धुक्यात होतं. "आपलं घर कुठे असेल?" मी विचारलं. "नको शोधू," त्या म्हणाल्या.

परतल्यावर रिवाजाप्रमाणे आळीतल्या बायका फुलपात्रं घेऊन तीर्थ मागायला आल्या. "तीर्थ नाही आणलं," वन्सं म्हणाल्या. "डोंगर बघून आल्ये." बायका एकमेकींकडे बघत उठल्या. पुढे बरेच दिवस वन्संना कीर्तनाला कुणी हाक मारली नाही. त्या एकट्याच जात, मागे बसत आणि एकट्याच परतत.

परवा शेजारची यमुना समाचाराला आली. तीही आलवणातलीच, माझ्या सुनेच्या वयाची. वन्संच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "काकू, येत्या थंडीत मला महाबळेश्वरला न्याल?"

"उगमाला?"

ती रिकाम्या खोलीकडे बघत राहिली…

"नाही," म्हणाली.